वाढत्या वयाचा खांदा : प्रस्तावना

पंजा लढवणे हा वर्गातल्या बाकावर, चहाच्या टपरीवर किंवा जिमच्या कोपऱ्यात कुठेही रंगणारा खेळ. त्यात १४ वर्षांच्या मुलाने सगळा जोर लावला आणि काही मोडलेच, तर बहुधा कोपराच्या आतल्या बाजूचा हाडाचा उंचवटा निखळतो. त्या वयात तो उंचवटा दंडाच्या हाडाशी पुरता सांधलेला नसतो. मध्ये वाढीची कूर्चा असते आणि स्नायूची ओढ तिथेच फाट पाडते. तोच जोर २४ वर्षांच्या तरुणाने लावला, तर कोपर शाबूत राहतो आणि दंडाचे हाड खालच्या भागात पीळ पडून मोडते. हाडाला लगटून जाणारी नस दुखावली तर मनगट लुळे पडते. खेळ तोच, पवित्रा तोच, मोडण्याची जागा मात्र वयाने ठरवली. व्यायाम करताना तरुणांच्या हाताला आणि खांद्याला होणाऱ्या अनवट दुखण्यांविषयीचे हे पुस्तक याच वस्तुस्थितीवर उभे आहे. वाढत्या शरीरातला कोणता दुवा आधी तुटेल, याचा अंदाज मोठ्या माणसांच्या अनुभवावरून बांधता येत नाही. आणि हे ज्याला सर्वांत आधी माहीत असायला हवे तो माणूस दवाखान्यात बसलेला नाही, मैदानावर उभा आहे.

हा विषय आत्ताच, आणि खानदेशात, का मांडायचा? जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठाने सकाळी चालणाऱ्या-धावणाऱ्यांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली आता नवलाईची राहिलेली नाहीत. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस भरती ही शेतकरी आणि आदिवासी घरांतल्या तरुणांसाठी पगाराच्या नोकरीची सर्वांत ओळखीची वाट आहे. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत १५ गुण गोळाफेकीला आहेत आणि पुरुष उमेदवारांचा गोळा ७.२६ किलोचा असतो. आता मैदानी स्पर्धांचे नियम पाहा. १८ वर्षांखालील मुलांसाठी ५ किलो, २० वर्षांखालील मुलांसाठी ६ किलो, आणि पुढे प्रौढांसाठी ७.२६ किलो अशा पायऱ्या तिथे ठरवून दिल्या आहेत, कारण खांदा, मनगट आणि छातीचे स्नायू कोणत्या वयात किती भार पेलतात याचा विचार त्यामागे आहे. भरतीला उमेदवार १८ पूर्ण केलेला लागतो, पण तयारी बारावीत, कधी त्याआधीच सुरू होते, आणि सराव होतो तो परीक्षेच्या गोळ्यानेच. स्पर्धेतल्या खेळाडूला ज्या पायऱ्या मिळतात त्या नोकरीसाठी घाम गाळणाऱ्या मुलाला मिळत नाहीत. ही तफावत कुणाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. तिच्याकडे कुणी वैद्यकाच्या नजरेने पाहिलेले नाही, इतकेच.

क्रिकेटची गोष्टही विचार करायला लावणारी आहे. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १६ वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांसाठी मनगटाची क्ष-किरण तपासणी करून हाडांचे वय ठरवते. त्या फोटोत तज्ज्ञ जे पाहतात ती हाडांची वाढच असते. म्हणजे वाढ अजून चालू आहे हे आपल्याला ठाऊक आहे, ते मोजायची रीतही आपल्याकडे आहे. पण ती वापरली जाते वयचोरी पकडण्यासाठी. सीमारेषेवरून दिवसभर चेंडू फेकणाऱ्या त्याच मुलाचा खांदा दुखू लागला, तर वाढीच्या कूर्चेची आठवण क्वचितच कुणाला होते. दंडाच्या हाडाची सुमारे ८० टक्के वाढ त्याच्या वरच्या टोकाला, खांद्याजवळ होते आणि ती कूर्चा मुलांमध्ये साधारण १६ ते १८ वर्षांपर्यंत पक्की होत नाही. मनगटाजवळचे रेडियस हाडही बहुतांश वाढ आपल्या खालच्या टोकालाच करते. मल्लखांबावर किंवा जिम्नॅस्टिक्सच्या साहित्यावर तळव्यांवर अंग तोलणाऱ्या मुलाच्या शरीराचा भार नेमका तिथे येतो.

या ज्ञानाची वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही, म्हणून तिचा थोडा विस्ताराने परिचय हवा. आपल्याकडे शरीर कमावण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. अमरावतीला १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभे राहिले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत आणले. एवढा उद्योग कोणत्याही भाषेला अभिमान वाटावा असा आहे. तालमीत वस्तादाच्या नजरेखाली जोर-बैठकांची संख्या हळूहळू वाढायची, मुद्गल आधी हलका मिळायचा आणि मग जड. भार टप्प्याटप्प्याने वाढवावा हे तत्त्व या परंपरेने पुस्तकाविना पाळले. तिची मर्यादा दुसरीकडे होती. दुखऱ्या हाताला तिच्याकडे मुख्यतः दोनच उपाय होते, चोळणे आणि पुन्हा जोर मारायला लावणे. बहुतेक दुखण्यांना ते पुरले. ज्यांना पुरले नाही, ती मुले तालीम सोडून गेली आणि त्यांचे पुढे काय झाले हे कुणी लिहून ठेवले नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात या विषयाकडे पाहणारा पहिला संप्रदाय शल्यविशारदांचा. लंडनचे बँकार्ट यांनी १९२३ मध्ये वारंवार निखळणाऱ्या खांद्यात नेमके काय फाटते ते दाखवले. अमेरिकेत नीअर यांनी १९७२ मध्ये खांद्याच्या वरच्या हाडाखाली स्नायुबंध चेपला जाण्याची कल्पना मांडली. या संप्रदायाने खांदा उघडून पाहिला, फाटलेले शिवले आणि खूप काही शिकवले. पण त्याची नजर फाटलेल्या भागावरच खिळली. दुसरा संप्रदाय हालचालीच्या अभ्यासकांचा. किब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्ष वेधले ते फऱ्याकडे, म्हणजे खांद्याच्या पात्याकडे. चेंडू फेकण्याची ताकद पायांतून निघते, कमरेतून आणि पाठीतून वर चढते, फऱ्यावरून हातात जाते. या साखळीत एक जागा दुबळी असली तर पुढच्या जागेला जास्तीचे काम पडते आणि दुखते ती पुढची जागा. म्हणून दुखणाऱ्या खांद्याचे कारण कधी कधी कमरेत सापडते. हा विचार आज जगभरच्या फिजिओथेरपीचा कणा आहे.

तिसरा संप्रदाय मोजणाऱ्यांचा, आणि या पुस्तकाची सर्वांत जवळीक त्याच्याशी आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलपटू मुलांच्या खांद्यातली कूर्चा रुंदावल्याचे १९५३ मध्ये डॉटर यांनी नोंदवले आणि पुढच्या दशकांत कोपराचीही अशीच चित्रे जमा झाली. पण खरा बदल झाला तो मुलांनी किती चेंडू फेकले हे कुणीतरी वर्षानुवर्षे मोजले तेव्हा. ९ ते १४ वर्षांच्या ४८१ मुलांवर दहा वर्षे नजर ठेवणारा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला १०० पेक्षा जास्त डाव चेंडूफेक करणाऱ्यांना गंभीर दुखापतीचा धोका इतरांच्या साडेतीनपट निघाला. अशा अभ्यासांच्या आधारावर २०१४ मध्ये वयानुसार दिवसाला किती चेंडू आणि त्यानंतर किती विश्रांती याची तक्तेवार शिफारस तिथे जाहीर झाली. हे काम मुख्यतः नोंदी ठेवण्याचे होते. ज्यांच्याकडे मोठी उपकरणे नाहीत अशांना यातून उभारी मिळावी.

या तिन्ही प्रवाहांच्या बाहेर एक चौथे दालन आहे. तिथे दुखणे हाडाचे किंवा स्नायुबंधाचे नसून शिरेचे, नसेचे किंवा रक्ताचे असते. या पुस्तकाचा विषय असलेली अनवट दुखणी मुख्यतः इथली. त्यांपैकी एक जवळून पाहू. विशीतला तरुण. दोन-तीन दिवस बेंच प्रेस, पुलअप्स, खांद्यावरून वजन उचलण्याचे प्रकार जोरात चालले आहेत. एका सकाळी उजवा हात जड वाटतो, शर्टची बाही घट्ट होते, हात खाली सोडला की निळसर-जांभळी छटा दिसते. व्यायामाने हात भरून आला असे सगळे म्हणतात, तोही म्हणतो. पण स्नायू भरून आला तर दोन्ही बाजूंनी येतो, आणि त्याने छातीवर व खांद्यावर निळ्या शिरांचे जाळे उमटत नाही. इथे झालेले असते ते असे : हाताचे रक्त हृदयाकडे नेणारी मोठी नीला कॉलरबोन आणि पहिली बरगडी यांच्या फटीतून जाते. ती फट काहींना जन्मतःच अरुंद असते, काहींची स्नायू वाढल्याने अरुंद होते. हात वारंवार वर गेला की नीला त्या चिमट्यात घासते आणि एक दिवस आत रक्ताची गुठळी धरते. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये असा हात वर्णिला, व्हिएन्नाच्या श्रॉटर यांनी १८८४ मध्ये कारण नीलेतल्या गुठळीत असल्याचे ओळखले, आणि १९४९ मध्ये ह्यूज यांनी दोघांची नावे जोडून या विकाराला नाव दिले.

या आजाराचे प्रमाण लाखात वर्षाला एक-दोन इतकेच. तरीही त्यावर पाने खर्च केली आहेत, कारण इथे वेळ सर्वस्व ठरते. गुठळी ताजी असताना, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत, नळीवाटे औषध सोडून ती विरघळवता येते आणि पुढे पहिली बरगडी काढून फट मोकळी करता येते. बहुतेक तरुण पुन्हा खेळतात. ते दोन आठवडे तेल चोळण्यात, शेक देण्यात आणि वेदनाशामक गोळ्यांत गेले, तर गुठळी घट्ट होते, हात कायमचा जड राहू शकतो. काहींमध्ये गुठळीचा तुकडा फुप्फुसात जातो. म्हणून सुजलेला, निळा हात चोळू नये. हे ओळखायला लागते ती डॉपलर सोनोग्राफी. जिल्ह्याच्या ठिकाणी ती आज दुर्मीळ नाही. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालय त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. अडचण अंतराची नसून संशय येण्याची आहे.

नसांची दुखणी आणखी फसवी. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारणाऱ्या काही खेळाडूंचा फऱ्यावरचा स्नायू हळूहळू खंगतो, पण दुखत काहीच नाही. पाठीमागून पाहिल्याशिवाय ते कळतच नाही. जड वजनांच्या सरावात बरगड्यांवरून जाणारी लांब नस दुखावली, तर दोन्ही तळवे भिंतीला टेकवून ढकलताना एका बाजूचा फरा पंखासारखा बाहेर येतो. शर्ट काढून आणि पाठ करून उभा केलेला मुलगा अर्ध्या मिनिटात जे सांगतो, ते कधी महागड्या तपासणीतही हाती लागत नाही. पार्सोनेज आणि टर्नर यांनी १९४८ मध्ये १३६ रुग्णांवर लिहिलेला विकार याहून विलक्षण : रात्री अचानक असह्य कळा, काही दिवसांनी त्या ओसरतात, आणि बरे वाटू लागले असे म्हणावे तोच हात उचलता येत नाही. दुखणे कमी झाले म्हणून सराव पुन्हा सुरू करणारा प्रशिक्षक इथे अजाणता नुकसान करतो. हा विकार बहुधा सावरतो, पण त्याला महिने, कधी वर्षे लागतात.

खानदेशासाठी मला सर्वांत निकडीचा वाटतो तो मात्र रक्ताशी आणि स्नायूंशी संबंधित भाग. सवय नसताना एकाच दिवशी डिप्स, जोर किंवा पुलअप्सची प्रचंड संख्या मारली, की दंडाचे स्नायू अक्षरशः विरघळू लागतात. त्यांतले द्रव्य रक्तातून मूत्रपिंडात जाते, लघवी कोलासारखी गडद होते आणि मूत्रपिंड बंद पडू शकते. नव्याने जिम लावलेल्या, शिक्षा म्हणून दोनशे जोर मारायला लावलेल्या तरुणांत हे होते. ऊन आणि पाण्याची कमतरता धोका वाढवतात, आणि जळगाव-भुसावळचा मे महिना ४५ अंशांच्या घरात जातो. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. सातपुड्याच्या पट्ट्यातल्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे वाहक लक्षणीय संख्येने आहेत. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. तो एरवी ठणठणीत असतो, भरतीला उतरतो, जिंकतोही. अमेरिकी लष्करातल्या जवळपास ४८ हजार कृष्णवर्णीय सैनिकांच्या २०१६ मधल्या अभ्यासात वाहकांना मृत्यूचा धोका जास्त आढळला नाही, पण अतिश्रमाने स्नायू विरघळण्याचा धोका सुमारे दीडपट निघाला. तिथल्या विद्यापीठीय क्रीडा संघटनेने एका फुटबॉलपटूच्या मृत्यूनंतर २०१० पासून वरच्या विभागातल्या खेळाडूंची सिकलसेलची तपासणी सुरू केली. आपल्याकडे सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ मध्ये सुरू झाले आहे. त्यात मिळालेली माहिती तरुणाला मैदानातून हाकलण्यासाठी वापरायची नाही. सराव हळू चढवणे, पाणी आणि सावली देणे, आणि दमला म्हटल्यावर थांबू देणे, एवढ्यासाठी ती प्रशिक्षकापर्यंत, तरुणाच्या संमतीने, पोचली पाहिजे. व्यायामाआधी मेफेन्टरमाइनचे इंजेक्शन टोचून घेण्याचे जे प्रकार महाराष्ट्रात उघडकीस आले आहेत, त्यांचा धोकाही इथेच येतो. शस्त्रक्रियेत घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेले हे औषध थकव्याची जाणीव बोथट करते, आणि थकवा हाच शरीराने दिलेला शेवटचा इशारा असतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप येईल तो भीतीचा. असे काही वाचून आईवडील मुलांना व्यायामापासूनच तोडतील. आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर व्यायाम आणि आठवड्यातून तीन दिवस स्नायू-हाडे बळकट करणारे प्रकार सांगते. नीट देखरेखीखाली वजने उचलल्याने उंची खुंटते या समजुतीला आधार नाही. बसून राहण्याचे नुकसान या पुस्तकातल्या कोणत्याही विकारापेक्षा कितीतरी जास्त मुलांना भोगावे लागते. पण ज्याचा हात एकदा बिघडला आणि कुणाला कारण कळले नाही, तो मुलगाही व्यायाम सोडतोच. वेळीच ओळखणे ही त्याला मैदानावर ठेवण्याचीच तजवीज आहे.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येईल. लाखात एकाला होणाऱ्या आजारांसाठी प्रत्येक दुखरा खांदा तपासायचा का? मुळीच नाही. उलट, अतितपासणीचा धोका या क्षेत्रात खरा आहे. अमेरिकेचे नामवंत क्रीडाशल्यविशारद जेम्स अँड्र्यूज यांनी एकदा काहीही न दुखणाऱ्या ३१ व्यावसायिक बेसबॉल चेंडूफेकपटूंच्या खांद्यांचे एमआरआय काढले, तर ९० टक्क्यांच्या आसपास खांद्यांत बिघाड दिसले. तेवढ्यावर शस्त्रक्रिया केल्या असत्या तर संघच्या संघ निकामी झाले असते. फोटोतला दोष आणि माणसाचे दुखणे या वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून या पुस्तकाचा भर यंत्रांवर नसून प्रश्नांवर आहे : दुखणे एकाच बाजूला आहे का, रंग किंवा सूज बदलली आहे का, ताकद गेली आहे की केवळ वेदना आहे, लघवीचा रंग कसा आहे, रात्री झोप मोडते का. प्रत्येक आजार दुर्मीळ असला तरी या प्रश्नांनी त्या सगळ्यांची चाळणी लागते, आणि उरलेल्या बहुसंख्य मुलांना विश्रांती व योग्य सरावाने बरे होऊ देता येते.

तिसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पुरावा सगळा बेसबॉलचा, अमेरिकेचा. आपल्या कुस्तीला, मल्लखांबाला, भरतीच्या गोळ्याला तो लागू कसा करायचा? पूर्णपणे करता येत नाही, हे या पुस्तकाने प्रामाणिकपणे मान्य केले आहे. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाजाची कंबर आधी जाते आणि खांद्यावरचा ताण सीमारेषेवरच्या फेकीत जास्त असतो. बेसबॉलचे आकडे उचलून इथे चिकटवले तर चूक होईल. लागू होते ते शरीरशास्त्र : कूर्चा कधी पक्की होते, नीला कोणत्या फटीतून जाते, स्नायू किती श्रमाला विरघळतो. या गोष्टी खेळ पाहून बदलत नाहीत. आकडे मात्र आपले आपणच गोळा करावे लागतील.

पुस्तकाने स्वतःला घातलेली मर्यादाही वाचकाला सांगायला हवी. हे शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक नाही आणि घरच्या घरी उपचार शिकवणारी पुस्तिकाही नाही. वयाने केलेला फरक त्याने सर्वत्र धरून ठेवला आहे. प्रशिक्षक, क्रीडाशिक्षक, फिजिओथेरपीचे विद्यार्थी, तालुक्याच्या गावचे डॉक्टर आणि पालक या सगळ्यांना एकाच भाषेत बोलता यावे म्हणून मराठीत प्रचलित असलेलाच शब्द जागोजागी वापरला आहे. स्टेरॉइड्स आणि पूरक पावडरींवरची चर्चा मला थोडी त्रोटक वाटली. पुढच्या आवृत्तीत ती वाढावी. मुलींच्या खांद्यांवर तर जगातच कमी लिहिले गेले आहे, आणि सातारच्या अदिती स्वामीने २०२३ मध्ये १७ व्या वर्षी तिरंदाजीचे विश्वविजेतेपद मिळवल्यानंतर धनुष्य हाती घेणाऱ्या मुली वाढत असताना ही उणीव अधिक खुपते.

वाचकांकडे एक मागणे आहे. आपल्या अकॅडमीत, तालमीत, शाळेत एक वही ठेवा. खेळाडूचे नाव त्यात नको. वय, मुलगा की मुलगी, कोणता सराव, आठवड्याला किती, दुखणे कुठे आणि कोणत्या तारखेला सुरू झाले, किती दिवसांनी डॉक्टरांकडे नेले आणि शेवटी निदान काय निघाले, एवढे लिहा. काही वर्षांनी अशा वह्या तिन्ही जिल्ह्यांच्या वैद्यकीय महाविद्यालयांपुढे मांडता येतील, आणि भरतीच्या सरावासाठी हलक्या गोळ्याची पायरी मागायची वेळ येईल तेव्हा हातात आपले स्वतःचे आकडे असतील.

मेहरूण, जळगाव